अंगणातला डोंगा

नंदनवनातल्या घराच्या अंगणात होडी उभी असावी, ही गोष्ट आमच्या गल्लीला बरीच वर्षे पचली नाही. स्कूटर, कूलर, कुंड्या, फार तर एखादी जुनी फियाट, इथवर ठीक. पण चौदा फुटी डोंगा? आमच्यापासून जवळचे पाणी म्हणजे नाग नदी, आणि तिच्यात डोंगा घालायचे धाडस कोणी करणार नाही. शेजारचे गृहस्थ सकाळी दूध आणायला निघाले की फाटकाशी हमखास थांबत. ‘काय भाऊ, नाग नदीले पूर येणार आहे काय?’ मी हसून म्हणे, ‘तुम्हाला जागा राखून ठेवली आहे.’

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ही थट्टा अंगाशी आली. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्या जेवल्या होत्या. रात्री दोननंतर जो पाऊस कोसळला, त्याने काही तासांत शंभर मिलिमीटरचा आकडा ओलांडला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पाच वाजता भाचीचा फोन आला. ती अंबाझरी लेआउटमध्ये तळमजल्यावर राहते. ‘मामा, घरात कमरेएवढं पाणी आहे. डोंगा आणता येईल का?’

मी टॉर्च घेऊन अंगणात गेलो. डोंग्याच्या तळाला हातभर लांब चीर होती. ती बुजवायची म्हणूनच उन्हाळ्यात तो इथे आणला होता. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता पोळा झाला, गणपतीही बसले. ट्रेलरचे डावे चाक जमिनीला टेकलेले. पाणी काढायच्या भोकाचे बूच तर घरात कुठेच सापडेना. मी फोनवर एवढेच म्हणालो, ‘बाई, वर जा. वरच्या मजल्यावर जा आणि तिथेच थांब.’ ती गेली. दुपारी बचाव पथकाच्या रबरी बोटीतून सगळे सुखरूप बाहेर आले.

डोंगा धड असता तरी मी जाऊ नये, हे मला आता नीट कळते. पुराच्या ओढीत तारा असतात, उघडी गटारे असतात, वाहून आलेल्या गाड्या असतात. ते काम शिकलेल्या पथकांचे. पण त्या पहाटे मी थांबलो तो शहाणपणाने नव्हे, निरुपायाने थांबलो. ही बोच अजून जात नाही. तेव्हापासून जे शिकलो आणि लहानपणी बापाकडून शिकून जे विसरलो होतो, ते आज सांगावेसे वाटते.

बापाचा डोंगा, माझा डोंगा

आम्ही मूळचे पवनीकडचे ढिवर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सारा मुलूख तळ्यांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेली ही तळी पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखली जाऊ लागली. बापाचा डोंगा लाकडाचा होता. उन्हाळ्यात तो काय करी? डोंग्यात दगड भरून तो काठच्या उथळ पाण्यात बुडवून ठेवी. बघणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याचे डोके फिरले. पण आमच्याकडचे ऊन पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाते. त्यात लाकूड सुकले की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. पाण्यात बुडालेले लाकूड फुगून राहते आणि सांधे आपोआप घट्ट राहतात. बाहेर काढल्यावर तो सांध्यांत कापूस ठासून वरून राळ-डांबर भरी. ज्यांच्याकडे आजही लाकडी डोंगा आहे, त्यांनी तो मे महिन्यात कोरडा ठेवू नये. निदान ओली पोती टाकून सावलीत ठेवावा.

मी कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन नंदनवनात स्थिरावलो. गावचा व्यवहार साळ्याकडे आहे. तो तिथल्या मच्छीमार सोसायटीचा सभासद. आता डोंगा फायबरचा आला आहे. सुताराची गरज संपली आणि माझ्यासारख्या फिटरची लागली. म्हणून दर उन्हाळ्यात डोंगा उमरेड रस्त्याने दिघोरीमार्गे माझ्या अंगणात येतो.

फायबर पाण्याने कुजत नाही म्हणून लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. पण त्यालाही रोग होतात. एक रुपयाचे नाणे घ्या आणि डोंग्याच्या अंगावर सगळीकडे ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर अंग निरोगी. बोदा आवाज आला तर आतले थर सुटले आहेत असे समजा. चीर दिसली तर वरून लांबी फासून रंग देऊ नका. चिरेच्या चारही बाजूंनी वीतभर भाग घासून घ्या, पूर्ण सुकू द्या आणि मग रेझिनमध्ये भिजवलेली काचेच्या धाग्यांची चटई एकावर एक बसवा. चीर जेवढी, तेवढेच ठिगळ लावले तर ते टिकत नाही.

नागपूरच्या मे महिन्यात हे काम पहाटेच करावे. हार्डनर शेकडा एक-दोन भागच पुरतो, आणि दुपारच्या उन्हात तर रेझिन डब्यातच गरम होऊन दगड बनते. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा हवा. घासताना उडणारी भुकटी फुप्फुसात जाते, म्हणून तोंडाला मास्क हवा. जवळ विडी-काडी नको, पोरेसोरेही नकोत.

काम झाले की डोंगा दोन वाशांवर पालथा घालून सावलीत ठेवावा. उताणा ठेवायचाच असेल तर बूच काढून ठेवावे आणि मागची बाजू थोडी खाली असावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पावसाळ्यात भरलेला डोंगा काही क्विंटल पाणी उचलून बसतो आणि त्या भाराने खालचा सांगाडा वाकतो. काढलेले बूच मात्र एका ठरलेल्या जागीच टांगावे. का, ते वर सांगितलेच आहे.

रस्त्यावरचा धडा

डोंग्याला पाण्यापेक्षा रस्ता घातक, असे मी म्हटले तर तुम्ही हसाल. पण पहिली काही वर्षे आम्ही तो भाड्याच्या पिकअपमध्ये टाकून आणत असू. हौदा नऊ फुटांचा, डोंगा चौदा फुटांचा. पाच फूट मागे लटकलेले. एकदा भिवापूर सोडले आणि पाऊस लागला. मी साळ्याला विचारले, ‘दोरी पाहिली काय?’ तो म्हणाला, ‘बांधली ना भाऊजी, कायले चिंता करता! भिजली की आणखी आवळते.’ मलाही ते पटले. बाप तेच म्हणायचा.

उमरेडच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि डोंगा हातभर मागे सरकला. मागून स्कूटरवर एक गृहस्थ येत होते, पुढे त्यांची शाळकरी मुलगी उभी. त्यांनी ब्रेक दाबला, स्कूटर तिरपी होऊन थांबली. डोंग्याचे टोक आणि त्या मुलीचे कपाळ यांत दोन हातांचे अंतर उरले होते. ते गृहस्थ रागावले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मुलीला उचलून मागे बसवले आणि निघून गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

चूक आमचीच होती, आणि ती अर्धवट ज्ञानाची होती. बापाची दोरी अंबाडीची. ती भिजली की फुगून आखडते, म्हणून आवळते. आमची दोरी नायलॉनची. ती भिजली की ताणली जाते आणि सैल पडते. बापाचे वाक्य खरे होते, पण त्याच्या दोरीपुरते. तेव्हापासून आम्ही चपटे पट्टे वापरतो. दोन मागे आडवे आणि एक पुढच्या नाकाशी. कडा लागतात तिथे जुन्या गोणपाटाची घडी घालतो. निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळतो, कारण पहिल्या हिसक्यांत सगळे सामान आपली जागा शोधत असते.

गाडीबाहेर लटकणारा माल हा गुन्हाही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर माल आला तर वीस हजार रुपये दंड आहे. आम्ही शेवटी दोनचाकी ट्रेलर घेतला आणि त्याची रीतसर नोंदणी केली. साळ्याची जीप तो ओढते.

ट्रेलरचे पहिले सूत्र वजनाचे. भार किंचित पुढे हवा, म्हणजे एकूण वजनाच्या शेकडा पाच ते दहा भाग जीपच्या हुकावर यावा. आमचा डोंगा-ट्रेलर मिळून तीनशे किलो, म्हणून हुकावर वीस-तीस किलो. हे मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी घेऊन त्याची दांडी हुकाच्या उंचीवर काट्यावर टेकवायची. भार मागे गेला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. असे झाले तर जोरात ब्रेक मारू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा आणि स्टिअरिंग सरळ धरून वेग कमी होऊ द्यावा.

दुसरे, हुकाखाली दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवाव्यात. हूक निसटला तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते. तिसरे, चाके. ट्रेलरचा टायर झिजून जात नाही, उभ्या उभ्या तडकून जातो. म्हणून मुक्कामाला ट्रेलर विटांवर उचलून ठेवावा. वाटेत थांबलात की चाकाच्या मधल्या भागाला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर बेअरिंग मरायला टेकले आहे. तापलेले चाक तसेच पाण्यात उतरवले तर आतली हवा आकसून पाणी ओढून घेते आणि ग्रीस धुऊन जाते. काठावर पोचल्यावर अर्धा तास चहा घ्यावा, मग उतरावे.

मागे घेताना सगळ्यांचीच तारांबळ उडते. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात डावीकडे न्याल तर ट्रेलरही डावीकडे जाईल. उतारावर ट्रेलरच्या मागे कोणालाही उभे राहू देऊ नका. आणि आधी बूच लावा, मग पट्टे सोडा.

पाण्यावर ओढताना

गावच्या तळ्यावर जन्म काढलेली माणसे मोठ्या जलाशयावर फसतात. गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ साली झाले. आज तिथे वैनगंगेचे जे पाणी पसरले आहे, त्यावर वारा सुटला की लाटा उठतात. तळ्यातल्या डोंग्याची कड त्या लाटांना पुरत नाही. वर्धा नदीत झुंज येथे सप्टेंबर २०२१ मध्ये नाव उलटून अकरा जण गेले. डोंग्यात किती माणसे बसतात हा प्रश्नच चुकीचा. माणसे बसल्यावर पाण्याच्या वर कड किती उरते, हे पाहावे. वीतभरही उरत नसेल तर एकाने उतरावे, मग तो जावई का असेना.

एका डोंग्याने दुसरा ओढायचा असेल तर दोरी मागच्या डोंग्याच्या नाकाशी, जमेल तेवढी खाली बांधावी. मागच्या डोंग्यातले सामान शेपटीकडे न्यावे म्हणजे नाक पाण्यात घुसत नाही. दोरी लांब ठेवावी, वेग चालत्या माणसाएवढा. दोरीच्या वेटोळ्यात कोणाचा पाय नको, आणि गाठ कापायला सुरी हाताशी हवी. लाइफ जॅकेट घातलेलेच असावे, फळीखाली ठेवलेले कामाचे नाही. आमच्या डोंग्यात झाकण घट्ट लावलेले रिकामे कॅनही बांधलेले असतात. उलटलाच तर डोंगा सोडून काठाकडे पोहू नये, त्यालाच धरून राहावे.

आता चीर उन्हाळ्यातच बुजते. मागल्या महालक्ष्म्यांना भाची जेवायला आली होती. पुरणपोळी, आंबील झाली आणि ती हात पुसत अंगणात गेली. मी पाहतो तर ती नाण्याने डोंगा ठोकत होती. सगळा फेरा झाल्यावर म्हणाली, ‘मामा, बूच कुठे आहे?’

मी दाराकडे बोट दाखवले. घराच्या किल्ल्या टांगतो त्याच खिळ्यावर, लाल दोरीला बांधलेले, ते लटकत होते.