यिर्मया २९:११ चा स्क्रीनशॉट आणि शुक्रवारचा ग्रुप

नमस्कार मंडळी! (चर्चमध्ये वाढलेल्यांना हे ऐकून जरा हसू येत असेल, कारण आपल्याकडे 'मंडळी' म्हणजे थेट चर्चच.) हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे काढलेत, थोडे राहिलेत, चालवून घ्या.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. आमचा छोटा ग्रुप आहे, दर शुक्रवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर भेटतो, बायबल स्टडी होते, शेवटी प्रार्थना होते, चहा-बिस्किटं होतात. पण अभ्यास लेक्चरसारखा वाटतो आणि प्रार्थना त्याच त्या. असं का?

मला वाटतं अडचण अभ्यासातही नाही आणि प्रार्थनेतही नाही. दोघांच्या मधला जोड तुटलाय. पाऊण तास आपण एका उताऱ्यावर बोलतो, मग कुणीतरी म्हणतं, "चला, प्रार्थनेचे विषय सांगा." त्या क्षणी उतारा बंद, मोबाइल उलटा आणि ऑफिसच्या स्टँडअपसारखी फेरी सुरू. माझी परीक्षा, माझ्या मावशीचं ऑपरेशन, माझा व्हिसा. विषय खरेच असतात, त्यात खोटं काही नाही. पण नुकतं जे वाचलं त्याचा या प्रार्थनेशी काही संबंधच उरत नाही. आपण देवाचं ऐकून घेतो, विषय बदलतो आणि आपलं सांगायला लागतो. घरात कुणी आपल्याशी असं वागलं तर आपल्याला राग येतो.

एक उदाहरण घेऊन बघू. यिर्मया अध्याय २९, वचन ११. हे वचन तुम्ही वाचलेलं आहेच, कारण ते कुणी ना कुणी तुम्हाला पाठवलेलं आहे. मागे सूर्योदय, वर पांढरी अक्षरं. देवाच्या मनात तुमच्याविषयी भल्याचे विचार आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा द्यायची आहे, असा त्याचा आशय. दहावीच्या निकालाला येतं, इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री येतं, लग्नपत्रिकेवर येतं.

आता एक साधी गोष्ट. वचनांचे नंबर मूळ लिखाणात नाहीत. अध्याय पाडले ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, त्याचं श्रेय स्टीफन लँग्टन या इंग्लिश आर्चबिशपला दिलं जातं. नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ च्या आवृत्तीत घातले. म्हणजे नंबर हे कोडमधल्या लाइन नंबरसारखे आहेत, शोधायला सोयीचे. पण फंक्शनमधली एकच ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली तर काय होतं, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

तर पूर्ण फंक्शन वाचू. यिर्मयाचा २९ वा अध्याय हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेममधून राजा यखन्याला, दरबाऱ्यांना आणि कारागिरांना पकडून नेलं. यिर्मया मागे यरुशलेममध्ये राहिला आणि त्याने तिकडे नेलेल्या लोकांना हे पत्र पाठवलं. पत्रात काय आहे? घरं बांधा आणि त्यात राहा. बागा लावा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं पुरी झाली की मी तुम्हाला परत आणीन. आणि त्यानंतर मग ११ वं वचन येतं.

सत्तर वर्षं! पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक मोठी माणसं परतीच्या प्रवासाला जिवंत असणारच नव्हती. स्क्रीनशॉटमध्ये हे कापलं जातं.

याच्या आधीचा, २८ वा अध्याय तर आणखी भारी आहे, आणि माझ्या मते प्रत्येक ग्रुप लीडरने तो वर्षातून एकदा वाचावा. हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की काळजी नको, दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयाच्या मानेवर त्या वेळी लाकडी जोखड आहे, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून. तो आधी काय म्हणतो माहितीये? आमेन. परमेश्वर तसं करो. म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. पण मग तो सांगतो की शांतीचं भाकीत करणाऱ्याचं बोलणं खरं ठरलं तरच तो देवाने पाठवलेला म्हणायचा. हनन्या ते जोखड काढून मोडून टाकतो, आणि यिर्मया त्या वेळी काही न बोलता निघून जातो. लोकांना अर्थातच हनन्या आवडला असणार. दोन वर्षं कुठे आणि सत्तर कुठे!

हे मी का सांगतोय? आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राची नोकरी कॉस्ट कटिंगमध्ये गेली. घर जालन्याकडे, आईवडील तिकडे, फ्लॅटचं भाडं इकडे. एका शुक्रवारी त्याच्यासाठी प्रार्थना झाली आणि कुणीतरी अगदी प्रेमाने, मनापासून म्हटलं, "पुढच्या महिन्यात तुझ्या हातात ऑफर लेटर असेल, मला खात्री आहे." खाली यिर्मया २९:११. महिना गेला, दुसरा गेला, आणि तो यायचाच बंद झाला. भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "नोकरी नाही याचं एवढं काही नाही रे. पण तुम्ही सगळे दर शुक्रवारी विचारणार, 'काही झालं का?' आणि मी 'नाही' म्हणणार. मग प्रॉब्लेम माझ्या विश्वासात आहे असं वाटतं."

ग्रुपमधल्या अभ्यासावर एवढं काही अवलंबून असतं. अर्धवट वाचलेलं वचन चुकीची प्रार्थना शिकवतं, आणि चुकीची प्रार्थना माणसाला एकटं पाडते.

पुढे आम्ही २८ आणि २९ हे दोन्ही अध्याय एकत्र वाचले, तोही आला होता. त्या दिवशी एक गोष्ट दिसली आणि ती मराठीत वाचत होतो म्हणून दिसली. इंग्रजीत 'यू' म्हटलं की एक माणूस की पन्नास, कळत नाही. त्यामुळे इंग्रजीत वाचताना वाटतं की देव माझ्या एकट्याच्या करिअरबद्दल बोलतोय. मराठी बायबलमध्ये देव एका माणसाशी बोलतो तेव्हा 'तू' म्हणतो. इथे मात्र 'तुम्ही' आहे. आदरार्थी नव्हे, चक्क अनेकवचन, आणि मूळ हिब्रूतही ते अनेकवचनच आहे. हा शब्द अख्ख्या समाजाला दिलाय, म्हणून तो सत्तर वर्षं पुरतो. एक जण म्हातारा होऊन जातो, पण आशा नातवंडांपर्यंत पोचते. म्हणून ग्रुपमध्ये मराठी प्रत उघडी ठेवा, इंग्रजीत कितीही सराईत असलात तरी.

शक्य झालं तर दोन भाषांतरं ठेवा. एकाकडे बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र, दुसऱ्याकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल'. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या. त्या काळात, त्या वयात दोन प्राचीन भाषा! आपल्याला अ‍ॅपमध्ये फक्त व्हर्जन बदलायचंय.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. उतारा छोटा घ्या, दहा-बारा वचनं. दोनदा मोठ्याने वाचा, दुसऱ्यांदा वेगळ्या माणसाने. पहिली वीस मिनिटं गुगल नको, यूट्यूबवरचा पाळकांचा मेसेज नको. फक्त विचारा: कोण बोलतंय, कुणाशी, त्याच्या आधी काय घडलं, आणि यात मला खटकतंय काय. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. 'खटकतंय' म्हणायची मुभा असली की गप्प बसणारी पोरंही बोलतात. संदर्भासाठी टीका किंवा नोट्स नंतर बघा, जरूर बघा. आधी बघितल्या की चर्चा संपते, कारण ज्याने वाचून आलंय तोच बोलतो.

आणि मग प्रार्थनेचे विषय विचारण्याआधी उताऱ्यातूनच प्रार्थना. बाराव्या शतकात गिगो दुसरा नावाच्या कार्थुसियन साधूने वाचन, मनन, प्रार्थना आणि देवापुढची निवांत स्थिरता अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली. मला त्यात आवडतं ते हे की पायऱ्या एकाच शिडीच्या आहेत. वाचनावर पाय ठेवल्याशिवाय प्रार्थनेवर पोचता येत नाही. आपण मधली मननाची पायरी गाळतो. म्हणून तीन मिनिटं शांत बसा. खरंच टायमर लावा, नाहीतर चाळीस सेकंदांत कुणीतरी घसा खाकरून सुरू करतो. पहिल्या वेळी फार अवघडल्यासारखं होतं, फ्रिजचा आवाज ऐकू येतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लोक त्या तीन मिनिटांची वाट बघायला लागतात.

यिर्मया २९ मधून प्रार्थना कशी निघते बघा. सातव्या वचनात शहराच्या भल्यासाठी हिब्रूत 'शालोम' हा शब्द तीनदा येतो: शहराचा शालोम शोधा, कारण त्याच्या शालोममध्ये तुमचा शालोम आहे. अकराव्या वचनात देवाच्या मनातल्या भल्यासाठीही हाच शब्द. म्हणजे माझं भलं आणि हिंजवडीच्या सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाचं भलं एकाच शब्दात बांधलंय. त्या संध्याकाळी एकीने तिच्या सोसायटीच्या वॉचमनसाठी प्रार्थना केली, एकाने पुण्यात नव्याने आलेल्या आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांसाठी. आणि आमच्या मित्रासाठी प्रार्थना झाली ती अशी: प्रभू, हे लांबलं तर आम्हाला त्याच्यासोबत टिकून राहायला शिकव. तारीख कुणी दिली नाही. एकाने नंतर गुपचूप भाड्याचं विचारलं. त्याला नोकरी मिळायला बराच वेळ गेला, पण तो शुक्रवार चुकवत नव्हता.

इथे मराठीचं आणखी एक देणं लक्षात घ्या. 'आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो' आणि 'आपण प्रार्थना करू', दोन्हीचा अर्थ इंग्रजीत 'वी' एवढाच. पण पहिल्यात तो माणूस बाहेर आहे, खुर्चीत बसवलेला पेशंट. दुसऱ्यात तो आत आहे, तोही प्रार्थना करणारा. प्रभूच्या प्रार्थनेत 'मी' आणि 'माझं' कुठेच नाही, ती सगळी 'आम्ही'ची आहे. एकदा मोजून बघा.

ज्या दिवशी कुणालाच शब्द सुचत नाहीत, त्या दिवशी स्तोत्रं उघडा. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत असं अभ्यासक मानतात. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचं. सुरुवातीलाच देवाला 'कुठवर?' असा प्रश्न चारदा विचारलाय, मग मागणं, आणि शेवटी भरवसा. ८८ व्या स्तोत्रात तर तोही वळण नाही, ते अंधारातच थांबतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. सगळं छान चाललंय असा चेहरा करून यायची गरज नाही, हे एखाद्याला दहा मेसेजेसपेक्षा हे एक स्तोत्र एकत्र मोठ्याने वाचून जास्त कळतं.

ग्रुपच्या साइजबद्दलही विचारलं होतं. दहा-बारा पुरे. १७४२ मध्ये ब्रिस्टलला जॉन वेस्लीच्या लोकांनी इमारतीचं कर्ज फेडायला बारा-बाराचे गट पाडले, दर आठवड्याला माणशी एक पेनी. पैसे गोळा करायला घरोघरी जाणाऱ्यांना कळायला लागलं की कोण कसा आहे, कुणाचं काय बिघडलंय. वर्गणीचे गट असे एकमेकांची काळजी घेणारे गट झाले. बारापेक्षा जास्त झाले की एखादा आला नाही हे लक्षातच येत नाही.

आणि हो, एक नियम कडक ठेवा. खोलीत सांगितलेला प्रार्थनेचा विषय व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही, त्या माणसाने स्वतः टाकल्याशिवाय. 'अमक्याच्या लग्नासाठी प्रार्थना करा' हा मेसेज तीन ग्रुप फिरून अमक्याच्या आत्याकडे पोचतो. मग पुढच्या शुक्रवारी सगळ्यांचे विषय परत 'परीक्षा' आणि 'तब्येत' एवढ्यावर येतात.

या आठवड्यात यिर्मया २८ आणि २९:१ ते १४ घ्या. पुढच्या भागात स्तोत्र १३ एकेक ओळ करत वाचणार आहोत. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाला काय खटकलं ते व्हॉइस नोटवर पाठवा, दीड मिनिटाच्या आत, प्लीज.