केळव्याहून उत्तरेकडे: थांब्यांच्या प्रवासाचा आढावा

मराठी कुटुंबांच्या मोटारप्रवासाचा आढावा ठिकाणांची यादी देऊन घेता येत नाही, हे मी बरीच वर्षे मांडत आलो आहे. एका थांब्याचे दुसऱ्याशी नाते काय, हे पाहिले पाहिजे. अष्टविनायकाची फेरी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण मोरगावहून निघालेल्याला रांजणगावपर्यंतचे सगळे थांबे एकाच सूत्रात दिसतात. महाबळेश्वर-पाचगणीवर नवे लिहिण्यासारखे उरलेले नाही. अलिबाग ते गुहागर या पट्ट्याचे कौतुकही पुरेसे झाले आहे. २०२५च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. त्याने वेळ वाचतो हे खरेच, पण वाटेतले गाव त्यावरून जाणाऱ्याला भेटत नाही. लेकराबाळांसह आणि म्हाताऱ्या माणसांसह निघालेल्या कुटुंबाला दर अर्ध्या-पाऊण तासाला उतरावे लागते, आणि उतरल्यावर समोर काही असावे लागते. या कसोटीवर पालघरची किनारपट्टी, म्हणजे केळवे ते डहाणू हा भाग, महाराष्ट्रात पहिल्या पंक्तीत बसतो.

खरे कोकण मुंबईच्या दक्षिणेला सुरू होते आणि वसईपुढे पाहण्यासारखे काही नाही, असे लिहिणारी मंडळी आजही आहेत. त्यांनी केळव्यापासून वर सरकणाऱ्या किल्ल्यांची रांग नीट पाहिलेली नसावी. दांडा खाडीच्या मुखाशी केळव्याचा पाणकोट आहे. भरतीत त्याला पाणी वेढते, ओहोटीत चालत जाता येते. किनाऱ्यावर सुरूच्या बनात भुईकोट आहे. जवळच वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी उभारलेला भवानगड आहे. मग केळवे-माहीमचा किल्ला, त्यापुढे शिरगावचा, आणि पालघर-बोईसरवरून वळसा घेतला की तारापूरचा. यांतला एकही राजगड-रायगडाच्या तोलाचा नाही, आणि एकेकटा पाहिला तर अर्ध्या तासात संपतो. पण खाडीच्या तोंडावर, बंदराच्या काठावर, थोड्या थोड्या अंतराने उभे असलेले हे कोट ओळीने पाहिले, की पोर्तुगीजांनी हा किनारा कसा बांधून ठेवला होता ते मुलालाही कळते. चिमाजी अप्पांच्या फौजांनी १७३९च्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर एकामागोमाग घेतले. तारापूरला मराठा सरदार बाजी भीवराव रेठरेकर पडले. त्यानंतर मे महिन्यात वसई आली. आपल्याकडे वसईचा विजय शाळेत शिकवतात, पण त्याआधी हा किनारा कसा सोडवला गेला ते शिकवत नाहीत. त्यासाठी हा रस्ता पुस्तकाहून चांगला आहे.

पडक्या भिंतींत मुले कंटाळतात, हा आक्षेप नेहमीचा. तो दिवसभराच्या चढाईला लागू पडतो, इथे नाही. शिरगावची तटबंदी, बुरूज आणि जिने चांगल्या स्थितीत आहेत, आणि आवारातला फांद्या फुटलेला ताड पाहून कोणतेही मूल प्रश्न विचारते. पाणकोटाला जायचे तर आधी तिथी आणि भरती-ओहोटी समजून घ्यावी लागते, स्थानिक माणसाला विचारावे लागते. चंद्र आणि समुद्र यांचे नाते मुलांना शिकवायला याहून चांगले निमित्त नाही. दुसरा आक्षेप बोईसरच्या कारखान्यांचा. ते वगळून प्रवास आखावा, हे मला पटत नाही. भारतातले पहिले अणुवीज केंद्र १९६९पासून तारापूरला चालते आहे. त्याच नावाच्या गावात तटांमागे वाडी सांभाळणारा जुना किल्ला आहे. ही दोन तारापुरे एकाच दुपारी पाहिली, म्हणजे या किनाऱ्याचे आजचे रूप लपवून ठेवल्यासारखे होत नाही.

पूर्वेकडून यावे तर मनोरच्या मस्तान नाक्याला महामार्ग सोडावा. वाघोबा खिंडीत आदिवासींच्या वाघोबाचे देऊळ लागते आणि डोक्यावर काळदुर्ग असतो. पालघरात ‘चले जाव’ आंदोलनातल्या १४ ऑगस्ट १९४२च्या गोळीबारात गेलेल्या पाच जणांच्या स्मारकापाशी गाडी थांबवलीच पाहिजे. मग केळव्याची शितलादेवी, वाडवळांच्या नारळी-केळीच्या वाड्या, पानवेलीचे मळे. सातपाटीला पापलेटचा बाजार, डहाणू-घोलवडला चिकू, ज्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यांत वाड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांच्या जागी पाहुण्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या, की वाडी पाहायला आलेल्याला वाडीच उरत नाही.

आज केळव्याला येणारा बहुतेक पाहुणा वाळूवर घोडागाडीत बसतो, पाण्यात खेळतो, संध्याकाळी कर्णे ऐकत जेवतो आणि परत फिरतो. भुईकोट दोनशे पावलांवर असून तिकडे जात नाही. या लोकांना किल्ल्यांकडे वळवले तर तिथेही कचरा होईल, असे काही जाणकार म्हणतात. पण सगळी गर्दी एकाच पुळणीवर कोंडून पुळण वाचलेली नाही. ती पाच-सहा थांब्यांवर विभागली, तर प्रत्येक गावाच्या वाट्याला थोडी माणसे आणि थोडी कमाई येईल. आणखी एक गोष्ट. १९९१मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला, आणि ३० ऑगस्ट २०२४ला त्याच तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेनचे स्थानकही बोईसरला होते आहे. हा किनारा आजच्यासारखा फार काळ राहणार नाही. म्हणून ग्रामपंचायतींना एवढेच सांगणे आहे: प्रत्येक कोटापाशी मराठीत माहितीफलक लावा, त्यावर पुढच्या कोटाचा रस्ता दाखवा, आणि पाणकोटासमोर रोजच्या ओहोटीची वेळ लिहा. आणि वाचकांनो, या हिवाळ्यात केळव्याला दोन रात्री मुक्काम करा, दोन्ही सकाळी उत्तरेकडे निघा.