टोकामाकची कड आणि उष्णतेचा भार

सूर्याच्या गर्भात हलक्या अणुकेंद्रांचे संमीलन होऊन ऊर्जा निर्माण होते. ही क्रिया पृथ्वीवर घडवून आणावयाची, तर हायड्रोजनची समस्थानिके सुमारे १५ कोटी अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागतात. या तापमानाला द्रव्य प्लाझ्मा अवस्थेत असते. टोकामाक या कड्याच्या आकाराच्या पोकळ यंत्रात चुंबकीय क्षेत्राच्या योगाने ते भिंतींपासून दूर ठेवले जाते.

१९८२ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्खिंग येथे फ्रित्स वाग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, पुरेशी उष्णता पुरविल्यास प्लाझ्माच्या कडेशी जणू एक बांध तयार होतो आणि आतील ऊर्जा सुमारे दुप्पट काळ टिकते. लाभ मोठा होता. परंतु बांधाआड दाब साचत जातो, कड अस्थिर होते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या अवधीत ऊर्जेचा लोंढा बाहेर पडतो. असे वारंवार घडते. चुलीतील राख काढावी तसा निरुपयोगी हेलियम काढून घेणारा ‘डायव्हर्टर’ नावाचा भाग या लोंढ्याचा मुख्य मारा सोसतो.

भारतात प्लाझ्माविज्ञानाचा पाया घालणाऱ्यांत प्रेधिमान काव अग्रगण्य होते. त्यांनी १९६६ मध्ये दिल्लीच्या आय.आय.टी.तून डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या नेतृत्वाखाली गांधीनगरजवळ ‘आदित्य’ हा टोकामाक १९८९ मध्ये कार्यान्वित झाला. लहान यंत्रात हा भार सुसह्य असतो. यंत्र वाढले की साठलेली ऊर्जा झपाट्याने वाढते. ती झेलणारा पृष्ठभाग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

भारत २००५ पासून सहभागी असलेल्या, दक्षिण फ्रान्समध्ये उभारणी चालू असलेल्या ‘इटर’ प्रकल्पापुढे म्हणूनच हा प्रश्न उभा आहे. तेथे पूर्ण क्षमतेवर अशा एका अनियंत्रित लोंढ्यातून सुमारे २० मेगाजूल ऊर्जा बाहेर पडू शकेल. डायव्हर्टर टिकावयाचा, तर ती १ मेगाजूलच्या आत ठेवणे आवश्यक आहे. टंगस्टन ३,४०० अंशांपर्यंत वितळत नाही. तरीही वारंवार बसणाऱ्या आघातांनी त्याला तडे जातात.

यावर दोन उपाय योजले आहेत. गोठविलेल्या हायड्रोजनच्या गोळ्या कडेवर मारून लहान लोंढे मुद्दाम घडविणे, हा एक. यंत्रातील २७ वेटोळ्यांनी चुंबकीय क्षेत्रात किंचित विक्षोभ निर्माण करणे, हा दुसरा. धरणाचे दरवाजे थोडे उघडे ठेवावेत तसा दाब त्यामुळे हळूहळू ओसरतो. त्यासाठी काही ऊर्जा गमवावी लागते खरी. परंतु भिंतच टिकली नाही, तर साठविलेल्या ऊर्जेचा उपयोग काय?