माफीचा अर्ज

एखाद्या दिवशी तुम्हांला शाळेत यायला उशीर होतो. वर्गशिक्षक विचारतात, "उशीर का झाला?" या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे देता येतात. पहिले उत्तर असे : "सर, मी वेळेवर आलो आहे. शाळेचे घड्याळच दहा मिनिटे पुढे आहे." दुसरे उत्तर असे : "सर, उशीर झाला हे खरे आहे. पण सकाळी अम्मीची तब्येत बिघडली. तिला दवाखान्यात पोहोचवून मी आलो."

पहिल्या उत्तरात तुम्ही चूक नाकारता. दुसऱ्या उत्तरात तुम्ही चूक कबूल करता आणि परिस्थिती समजून घेण्याची विनंती करता. कायद्याच्या व्यवहारातही हा फरक फार महत्त्वाचा असतो. इंग्लंडमधील एक उदाहरण घेऊन तो समजून घेऊ या.

आपल्याकडे रस्त्यात चुकीच्या जागी गाडी उभी केली, तर सामान्यतः वाहतूक पोलीस दंड करतात. इंग्लंडमध्येही पूर्वी हे काम पोलिसांकडे होते. १९९१ च्या कायद्यानंतर ते हळूहळू कौन्सिलकडे आले. कौन्सिल म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था. तिचा कर्मचारी गाडीच्या काचेवर दंडाची नोटीस लावतो. नोटिशीवर तारीख, वेळ, जागा, चूक आणि दंडाची रक्कम लिहिलेली असते. १४ दिवसांच्या आत पैसे भरले, तर निम्माच दंड घेतात.

आता समजा, इंग्लंडमधील एका शहरात एक गृहस्थ आपल्या वृद्ध आईला घेऊन बाजारात गेले. कौन्सिलच्या वाहनतळावर गाडी उभी करून त्यांनी ११ वाजेपर्यंतचे पैसे भरले. दुकानात आई एकाएकी बेशुद्ध पडली. रुग्णवाहिका आली आणि मुलगा आईबरोबर रुग्णालयात गेला. दुपारी ३ वाजता तो परत आला, तेव्हा गाडीवर ५० पौंडांची नोटीस होती. वेळ संपल्यावर १० मिनिटांची सवलत देण्याचा नियम तेथे २०१५ पासून आहे. येथे तर चार तास झाले होते.

अशा वेळी माणसाला राग येतो. "तुम्हांला दयामाया आहे की नाही?" असे लिहावेसे वाटते. पण रागाच्या पत्रातून वाचणाऱ्याला घटना कळत नाही. म्हणून त्या मुलाने शांतपणे पत्र लिहिले. ते मराठीत सांगायचे, तर असे होईल :

"महोदय, १० मार्च रोजी माझ्या गाडीला लावलेल्या नोटिशीबाबत हा अर्ज करीत आहे. नोटिशीचा क्रमांक वर लिहिला आहे. मी ११ वाजेपर्यंतचे पैसे भरले होते. त्यानंतरही गाडी तेथेच राहिली, हे मला मान्य आहे. १० वाजून ४० मिनिटांनी माझी आई दुकानात बेशुद्ध पडली. मी रुग्णवाहिकेतून तिच्याबरोबर गेलो आणि ३ वाजता परत आलो. पैसे भरल्याची पावती आणि रुग्णालयाचे पत्र यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. ही परिस्थिती लक्षात घेऊन दंड माफ करावा, ही नम्र विनंती."

हे पत्र पुन्हा एकदा वाचा. त्यात चूक लपवलेली नाही. तारखा आणि वेळा स्पष्ट आहेत. प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला पुरावा आहे. शेवटी काय हवे आहे, ते एका वाक्यात सांगितले आहे. कोणावर आरोप नाही आणि रडगाणेही नाही.

अर्ज, मुदत, माफी हे शब्द तुम्हांला उर्दूमुळे परिचित आहेत. पण काही शब्दांच्या बाबतीत सावध राहा. उर्दूत 'दाखला' म्हणजे शाळेतील प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश; मराठीत 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण. तेव्हा कोणी "खुलासा द्या" म्हटले, तर थोडक्यात नव्हे, नीट समजावून सांगायचे असते.

अर्जाइतकीच मुदतही महत्त्वाची आहे. पहिली हरकत १४ दिवसांच्या आत कळवणे चांगले. ती फेटाळली, तरी अशा वेळी कौन्सिलने निम्म्या दंडाची सवलत पुन्हा द्यावी, अशी सरकारची सूचना आहे. मात्र एकदा दंड भरला, की प्रकरण संपते. म्हणून आधी अर्ज करावा. अर्ज फेटाळला गेला आणि दंडही भरला नाही, तर गाडीच्या मालकाला दुसरी नोटीस येते. तिला उत्तर देण्यासाठी २८ दिवस मिळतात. कौन्सिलने त्या उत्तरावर ५६ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर दंड रद्द होतो. पण काहीच न करता नोटीस पेटीत टाकून दिली, तर दंड दीडपट होतो. ५० पौंडांचे ७५ होतात आणि पुढे वसुलीसाठी माणसे दारात येऊ शकतात.

दुसऱ्यांदाही नकार आला, तर २८ दिवसांत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. लंडनसाठी एक आणि उरलेल्या इंग्लंडसाठी दुसरे, अशी दोन न्यायाधिकरणे आहेत. अपिलाला फी नाही. येथे ती दोन उत्तरे पुन्हा आठवा. फलक दिसत नव्हता, नोटीस चुकीची होती, म्हणजे "घड्याळच पुढे होते", असे सिद्ध झाले, तर न्यायाधिकरणातील निवाडा अधिकारी दंड रद्द करतो. पण चूक झालेली असेल, तर केवळ दया वाटली म्हणून त्याला दंड रद्द करता येत नाही. कारण तसेच सबळ असेल, तर तो कौन्सिलला फेरविचाराची शिफारस करतो. कौन्सिलने ३५ दिवसांत उत्तर दिले नाही, तर तिने शिफारस मान्य केली असे समजतात.

माफ करण्याचा अधिकार मात्र कौन्सिलकडे पहिल्या दिवसापासून असतो. "आमचा नियमच असा आहे" एवढे म्हणून तिने अर्ज बाजूला ठेवू नये, प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र विचार करावा, असे सरकारचे मार्गदर्शन आहे. नियम करणाऱ्याला प्रत्येक घरातील संकट आधी दिसत नाही. म्हणून नियमात दयेसाठी एक लहानशी खिडकी ठेवलेली असते. चांगला अर्ज केला म्हणजे माफी मिळेलच, असे नाही. पण अर्जच केला नाही, तर ती खिडकी उघडण्याचा प्रश्नच येत नाही.

या खिडकीला एकच गोष्ट बंद करते, ती म्हणजे खोटेपणा. कोणी खोटा दाखला जोडतो, तेव्हा तो गुन्हा तर करतोच. शिवाय त्याच्या मागून येणाऱ्या खऱ्या दुःखी माणसाच्या अर्जाकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

उद्या तुम्हांलाही फीची मुदत वाढवून मागण्यासाठी किंवा विलंब शुल्क माफ व्हावे म्हणून अर्ज लिहावा लागेल. कदाचित घरातील वडीलधारी माणसे म्हणतील, "बेटा, तुला मराठी येते, तूच लिही." तेव्हा घाबरू नका. झाले ते खरे लिहा, पुरावा जोडा, वेळेत द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

स्वाध्याय

१. चूक नाकारणे आणि माफी मागणे यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. पाठातील अर्जाला कोणते पुरावे जोडले होते? ते का आवश्यक होते?
३. वडिलांच्या आजारपणामुळे तुम्ही ग्रंथालयाचे पुस्तक उशिरा परत करीत आहात. दंड माफ व्हावा म्हणून ग्रंथपालांना अर्ज लिहा.