साने गुरुजी (अमळनेर येथील शिक्षकी जीवन)

पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (२४ डिसेंबर १८९९ – ११ जून १९५०) हे मराठी लेखक, स्वातंत्र्यसैनिक आणि शिक्षक होते. महाराष्ट्रातील अनेक शाळांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. हा मान त्यांना संस्थाचालक म्हणून मिळालेला नाही. ज्या अध्यापनामुळे ‘गुरुजी’ हे संबोधन त्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले, ते अवघ्या सहा वर्षांचे होते. खानदेशातील अमळनेर येथील प्रताप हायस्कूलमध्ये त्यांनी १९२४ ते १९३० या काळात शिकवले.

साने मूळचे कोकणातील. त्यांचा जन्म दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेली ही संस्था होती. शाळेलाही प्रताप शेठ यांचेच नाव आहे. म्हणजे ज्या शाळेत गुरुजी घडले तिला दात्याचे नाव, आणि गुरुजींचे नाव लागले ते इतरत्र.

== छात्रालय ==

वर्गातील अध्यापनापेक्षा त्यांची खरी ओळख शाळेच्या छात्रालयात झाली. शिक्षणासाठी घर सोडून आलेली मुले तेथे राहत. मुलांच्या खोल्या झाडणे, अस्ताव्यस्त अंथरुणे आवरून ठेवणे, मळलेले कपडे धुणे ही कामे ते स्वतः करीत. शिस्त लावण्याचा त्यांचा मार्ग शिक्षेचा नव्हता. केलेले काम पाहून मुलांना आपणहून लाज वाटावी आणि ती कामाला लागावीत, असा होता. छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. त्यात देशोदेशीच्या वार्ता, थोरांची चरित्रे आणि छात्रालयातील घडामोडी असत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि त्यानंतर शाळेच्या नोकरीत परतले नाहीत.

शिकवणे मात्र थांबले नाही. १९३२ मध्ये धुळे येथील तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी टिपून घेतली म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ उपलब्ध झाला.

== अभ्यासकांसाठी ==

शाळेच्या नावामागील व्यक्तीचा शोध घेणारे विद्यार्थी बहुधा ‘श्यामची आई’पासून प्रारंभ करतात. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात श्याम आश्रमातील मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. त्यांचा विषय कोकणातील बालपण हा आहे, अमळनेरमधील शिक्षक नव्हे. शिक्षकी जीवनाला अधिक जवळची कृती म्हणजे छात्रालयातील ‘स्वामी’ या शिक्षकाभोवती गुंफलेली ‘धडपडणारी मुले’. तीही कादंबरीच असल्याने तिच्यातील प्रसंग चरित्रातील घटना म्हणून जसेच्या तसे उद्धृत करता येत नाहीत.

जुने कागद पाहताना जिल्ह्यांच्या नावांचा घोळ होतो. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये विभाजन झाले. अमळनेर त्या वेळी पूर्व खानदेशात (आताचा जळगाव जिल्हा) होते, तर धुळे आणि साक्री पश्चिम खानदेशात (नंतरचा धुळे जिल्हा). त्यामुळे गुरुजींच्या शाळेविषयीची आणि तुरुंगवासाविषयीची शासकीय माहिती दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या नावांखाली शोधावी लागते.