बँड थांबला, हात थांबले नाहीत



बँड म्हटलं की आपल्याला वरातीतला बँडबाजा आठवतो. आज मात्र मी एका रॉक बँडची गोष्ट सांगणार आहे. आपल्या भजनी मंडळात कुणी पेटी धरतं, कुणी पखवाज, कुणी टाळ. तसं रॉक बँडमध्ये विजेवर वाजणारी गिटार असते, ड्रम असतात आणि जाड तारांची बेस गिटार असते. बेसचा आवाज खर्जातला असतो. तो वेगळा कानात भरत नाही, पण सगळं गाणं त्याच्यावर उभं असतं. पूर्वी ही वाद्यं पुरुषांचीच समजली जात. बाईने फार तर पुढे उभं राहून गावं.

जून आणि जीन मिलिंग्टन या सख्ख्या बहिणी. जन्म फिलिपाइन्समधल्या मनिलाचा. १९६१ मध्ये कुटुंब अमेरिकेत, कॅलिफोर्नियात गेलं. नवा देश होता आणि रंगरूप वेगळं होतं, त्यामुळे शाळेत सहज कुणी जवळ करत नव्हतं. वाद्यं हातात घेतल्यावर मैत्रिणी मिळाल्या आणि शाळेतच मुलींचा बँड उभा राहिला. जून गिटार वाजवायची, जीन बेस.

पुढे या बँडचं नाव झालं ‘फॅनी’. १९७० मध्ये त्यांचा पहिला अल्बम, म्हणजे गाण्यांचा संच, आला. सगळ्या बायकाच असलेल्या रॉक बँडचा मोठ्या कंपनीने काढलेला तो पहिला अल्बम मानला जातो. १९७४ पर्यंत त्यांचे पाच अल्बम आले.

मग बँड मोडला का? वाजवता येत नव्हतं म्हणून नाही. ‘मुली असून बरं वाजवतात’ हे वाक्य ऐकून ऐकून त्या थकल्या होत्या. कपडे कोणते घालायचे हेही दुसरेच सांगू लागले. १९७३ मध्ये जून बाहेर पडली आणि १९७५ मध्ये बँड संपला. त्यानंतर मुलींचे दुसरे बँड गाजले आणि ‘फॅनी’चं नाव मागे पडलं. डेव्हिड बोवी हा मोठा गायक. १९९९ मध्ये त्याने एका मुलाखतीत या बँडची आठवण काढली आणि इतक्या चांगल्या बँडचं कुणी नावही घेत नाही, अशी खंत बोलून दाखवली.

या मधल्या वर्षांत त्या घरी हात बांधून बसल्या नव्हत्या. जूनने बायकांनीच चालवलेल्या ऑलिव्हिया रेकॉर्ड्सच्या गाण्यांत साथ केली. पुढे तिने बायका-मुलींना संगीत शिकवणारी संस्था उभी करायला हातभार लावला. तिथे मुली गिटार, ड्रम शिकतात आणि आपलं गाणं आपणच रेकॉर्ड करायलाही शिकतात. दोघी बहिणींनी मिळूनही गाणी काढली. २००२ मध्ये ‘फॅनी’ची जुनी गाणी एकत्र करून पुन्हा बाजारात आली, तेव्हा नव्या लोकांच्या कानांवर ती पडली.

आणि मार्च २०१८ मध्ये नवा अल्बम आला, ‘फॅनी वॉक्ड द अर्थ’. नावाचा अर्थ असा, की फॅनी या पृथ्वीवर वावरली आहे. जून, जीन आणि त्यांची जुनी ड्रमवाली मैत्रीण ब्री डार्लिंग अशा तिघी सत्तरीच्या उंबरठ्यावर एकत्र आल्या. जुनीच गाणी नव्याने वाजवून त्या थांबल्या नाहीत, नवी गाणी रचली. नंतर गाजलेल्या ‘रनअवेज’, ‘गो-गोज’, ‘बँगल्स’ या बँडमधल्या बायकाही साथीला आल्या. ज्यांनी वाट पाडली, त्यांच्याकडे त्या वाटेने पुढे गेलेल्या परत आल्या, असंच म्हणायचं.

पण नेमक्या त्याच सुमाराला जीनला पक्षाघाताचा झटका आला. बेस वाजवणारा हात साथ देईना. अल्बम घेऊन गावोगाव कार्यक्रम करायचे ठरले होते, ते राहून गेले. तरीही अल्बम लोकांपर्यंत पोचला. २०२१ मध्ये त्यांच्यावर माहितीपटही निघाला.

मैत्रिणींनो, मी गटांचं काम बघते. एखादा गट बंद पडला की लोक म्हणतात, ‘बायकांचं काय, चार दिवस एकत्र बसल्या आणि उठल्या.’ रजिस्टर कपाटात जातं. पण हिशोब लिहायला शिकलेली बाई ते विसरत नाही. बँकेत एकटीने जाण्याची तिची सवय मोडत नाही. ‘फॅनी’ पुन्हा उभी राहिली ती नशिबाने नाही. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी हातातलं काम सोडलं नव्हतं आणि एकमेकींशी नातं तोडलं नव्हतं, म्हणून.

तुमच्या गावात बंद पडलेला गट असेल, तर या महिन्याच्या बैठकीला त्यातल्या एकीला तरी बोलवा. ‘का सोडलंस?’ हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, ‘आता तुला काय काय येतं?’