कोडे आणि माणूस
विज्ञानकथेच्या मालिकेला कथानकाचा कार्यकारणभाव आणि पात्रांचे अंतरंग, दोन्ही सांभाळावे लागतात. ‘लॉस्ट’ (२००४–२०१०) या अमेरिकी मालिकेत विमान कोसळून बेटावर अडकलेल्या प्रवाशांचा भूतकाळ उलगडत जातो, तशी बेटाची गूढेही वाढत जातात.

२००८ मधल्या ‘द कॉन्स्टंट’ या भागात दोन्ही धागे जुळतात. डेस्मंड या पात्राचे मन १९९६ आणि २००४ या दोन काळांत हेलकावे खाते. जीव वाचायचा तर दोन्हीकडे असलेला एक आधार हवा. तो म्हणजे प्रेयसी पेनी. १९९६ मध्ये तो तिचा फोन नंबर मागून घेतो आणि आठ वर्षांनंतरच्या नाताळच्या आदल्या दिवशी तिला फोन लावतो. इथे कथेचा नियमच भावनेला वाट करून देतो.

अखेरच्या भागात मात्र कोड्यांच्या उत्तरांपेक्षा पात्रांच्या पुनर्भेटीला महत्त्व मिळाले आणि प्रेक्षकांत तीव्र मतभेद झाले.